सुरगाठ, निरगाठ

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, गेल्या त्याला परवा पाच आठवडे झाले. दुपारचे पावणेचार वाजले होते. डॉक्टर खोलीतून बाहेर आले, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “गेल्या त्या. तुम्ही एकट्याच आहात का?” मी हो म्हटलं. माझा नवरा सुहास औषधं आणायला खाली गेला होता. मग नर्स आली. घरून एखादं स्वच्छ लुगडं मागवता येईल का, तिने विचारलं. मी आत जाऊन पलंगाखाली हात घालून पिशवी ओढून काढली. तिच्यात कोरं लुगडं होतं, गंगाजलाची बाटली होती, तुळशीची माळ, चंदनाचा तुकडा, आणि कागदाच्या पुडीत सोन्याचा एक मणी. नर्स पिशवीकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. “आधीच आणून ठेवलं होतंत?” तिने विचारलं. मी लुगडं काढून तिच्या हातात दिलं. मला तेव्हा काही वाटतही नव्हतं.

पुढचे तेरा दिवस जो येईल तो तेच बोलत होता. माझ्या सासूबाईंची तयारी! लालबागच्या चाळीतल्या जुन्या शेजारीण पाटकरवहिनी तर मला कौतुकाने म्हणाल्या, “बाईने जाताना कोणाला धावपळ करू दिली नाही बघ. सगळं कसं हाताशी.” मी मान हलवत होते, चहाचे कप उचलत होते. सगळं हाताशी होतं हे खरं. ते हाताशी का होतं, हे मात्र मी त्यांच्यापैकी कोणाला सांगितलं नाही. आज सांगते आहे, कारण न सांगता मला दुसरं काहीच करता येत नाहीये. परवा भाताला दोनदा मीठ घातलं, आणि आम्ही दोघांनी तो मुकाट्याने खाल्ला.

मी गिरगावची. आमच्याकडे ब्रेड संपला की ब्रेड आणायचा, साखर संपली की साखर. खाली उतरलं की दुकान. माझ्या वडिलांच्या सरकारी नोकरीत पहिली तारीख कधी चुकली नाही, त्यामुळे उद्याची काळजी ही आमच्या घरी हवामानाच्या बातम्यांसारखी होती, ऐकायची आणि विसरायची. चोवीस वर्षांपूर्वी लग्न होऊन लालबागच्या दोन खोल्यांत आले तेव्हा पहिल्यांदा मी मान वर करून माळा पाहिला आणि घाबरले. तांदळाची दोन पिंपं, डाळींचे डबे, आमसुलांची बरणी, सुक्या बोंबलांचा घट्ट झाकणाचा डबा, वातीचा स्टोव्ह, मेणबत्त्या, काडेपेट्या मेणकागदात गुंडाळलेल्या, दोरखंड, आणि एक पत्र्याची पेटी जिच्यात रेशनकार्डापासून सुहासच्या पहिलीच्या प्रगतिपुस्तकापर्यंत सगळे कागद. खाली चार माणसांना पाय पसरायला जागा नाही, आणि वर हे गोदाम.

“आई, उद्या युद्ध सुरू होणार आहे का?” मी एकदा विचारलं. माझ्या जिभेला तेव्हा धार होती, आता मुलाखतीत सांगावं तसं नम्रपणे सांगते आहे, पण होती. आई पाटावर बसून कोळंबी सोलत होत्या. त्यांनी वरही बघितलं नाही. “अडीनडीक होया गो,” एवढंच म्हणाल्या. संकट, आपत्ती असले शब्द त्यांनी कधी वापरले नाहीत. अडीनडी. जणू कोणी लांबची नातेवाईक, कधीही न कळवता येणारी, आणि आली की तिच्यासाठी भांडं चढवावंच लागणार.

सासरे गिरणीत होते. संप झाला तेव्हा सुहास आठ वर्षांचा. त्या दिवसांबद्दल आई बोलत नसत. परळ-लालबागमध्ये ज्याच्या त्याच्या घरात त्या संपाची एक गोष्ट आहे आणि ती ऐकवायला लोक उत्सुक असतात, पण आमच्या घरी ती नव्हती. होतं ते एक वाक्य. “घरातलो डबो वाजाक नये.” रिकाम्या डब्यात पळी आपटली की जो आवाज होतो तो त्यांना सहन होत नसे. मी डबा तळाशी खरवडायला लागले की त्या दुसऱ्या खोलीतून उठून यायच्या, माझ्या हातून तो घ्यायच्या आणि न बोलता भरायच्या. सुरुवातीला मला वाटायचं, ही माझ्यावर पाळत आहे. त्यावरून आमचं वाजलंही आहे.

एकच प्रसंग त्यांनी मला सांगितला, तोही लग्नाला दहाएक वर्षं झाल्यावर. संपाच्या दुसऱ्या पावसाळ्यात सासऱ्यांना कावीळ झाली. शेजाऱ्यांनी धरून त्यांना इस्पितळात नेलं, आई मागून धावत गेल्या. अंगावरच्या लुगड्यानिशी. खाटेवर टाकल्यावर सासऱ्यांनी पाणी मागितलं, आणि आईंच्या लक्षात आलं की पाणी द्यायला आपल्याकडे गिलास नाही. चादर नाही, टॉवेल नाही, गिलाससुद्धा नाही. शेजारच्या खाटेपाशी बसलेल्या बाईने आपला पेला विसळून दिला. “तिना दिल्यान,” आई म्हणाल्या, “पण माका मागूचो लागलो.” उपाशी राहिल्याचं त्यांनी सांगितलं नाही. तो मागितलेला पेला मात्र तीस वर्षांनंतरही त्यांच्या घशात अडकला होता.

म्हणून दवाखान्याची पिशवी. गादीपाटाच्या निळ्या पट्ट्यांच्या कापडाची, हाताने शिवलेली, आत ओल लागू नये म्हणून सगळं काळ्या प्लॅस्टिकमध्ये. सासरे गेले त्यानंतर तिच्या शेजारी दुसरी आली. तशीच, त्याच कापडाची. ती आईंची स्वतःची, शेवटच्या वेळची. दोन्ही पिशव्या माळ्याच्या तोंडाशी, हात घातला की लागतील अशा. फरक फक्त गाठीचा. त्यांनी मला जवळ बसवून शिकवलं होतं. “ही सुरगाठ. येक टोक ओढला की सुटता. दवाखान्याक जाताना येक हात माणसाक धरूक लागता, म्हणान गाठ येका हातान सुटाक होयी.”

“आणि दुसरी?”

“तिका निरगाठ. तेव्हा कोणाक घाई नसता.”

मी हसले होते. त्याही हसल्या. गाठ मात्र मी शिकले नाही. माझ्या हाताला एकच गाठ येते, घट्ट, दोन वेढ्यांची, जी नंतर दाताने किंवा सुरीने सोडवावी लागते. पोह्यांची पिशवी असो नाहीतर फुलांची पुडी, मी बांधलेलं काहीही हातात आलं की आई म्हणायच्या, “आली गिरगावची गाठ.” माझं सासरी दुसरं काही नाव पडलं असतं तर मी भांडले असते. या नावाचं मला गुपचूप बरं वाटायचं.

लॉकडाऊनमध्ये सगळी मुंबई रांगेत उभी असताना आमच्या घरात तीन महिने काही कमी पडलं नाही. उलट गिरगावहून माझ्या आईचा फोन आला, तुमच्याकडे तूरडाळ आहे का गं? मी फोनवर हळू आवाजात बोलत होते, लाज वाटत होती. सासूबाई उठल्या, स्टूल लावून माळ्यावर चढल्या आणि डाळ, तांदूळ, आमसुलं, मेणबत्त्यासुद्धा बांधून दिल्या. सुहास पालिकेच्या जल खात्यात, त्याला फिरायला परवानगी होती, तो देऊन आला. माझ्या आईचा पुन्हा फोन, अगं, किती सुबक बांधलंय, टोक ओढलं आणि सुटलं! मी हे सासूबाईंना सांगितलं. पण तुमचं बरोबर होतं, माझं चुकलं, एवढं साधं वाक्य मी म्हटलं नाही. त्यांनीही ते वदवून घेतलं नाही. मला वाटलं होतं कधीतरी म्हणू…

तीन वर्षांपूर्वी चाळ पाडायला घेतली आणि आम्ही प्रभादेवीला भाड्याच्या घरात आलो. पिंपं गेली, डबे निम्मे झाले, पण स्वयंपाकघरावरच्या छोट्या माळ्यावर दोन्ही पिशव्या आल्याच. एव्हाना आईंचे गुडघे गेले होते. त्या माळ्याखाली उभ्या राहून वर नुसत्या बघायच्या. गेल्या दिवाळीच्या आधी त्या आठ दिवस भाचीकडे अँटॉप हिलला गेल्या होत्या. मी साफसफाई काढली. पिशव्यांच्या कापडावर धुळीचा थर बसला होता. गाठी सोडल्या, आतली काळी बोचकी तशीच बाजूला ठेवली, कापडं धुऊन वाळवली, बोचकी पुन्हा घातली आणि बांधली. दोन्ही बांधून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की दोन्हींना माझीच गाठ बसली आहे. आणि कोणती कुठली ते आता मला सांगता येत नाही.

बोचकं उघडून बघणं काही अवघड नव्हतं. दोन मिनिटांचं काम. पण त्यातलं एक आईंचं शेवटचं सामान, ते आपण कशाला उघडायचं, असंही वाटलं. त्या आल्या की विचारू म्हटलं. त्या आल्या, फराळ झाला, पाहुणे झाले, आणि ते राहून गेलं. नंतर दोन-तीनदा आठवलं, तेव्हा सांगायची लाज वाटली. इतकी वर्षं शिकवून हिला एक गाठ येत नाही, असं होईल म्हणून. इतक्या क्षुल्लक कारणासाठी माणूस गप्प बसतो.

त्या दिवशी सकाळी देवपूजा करतानाच आईंना छातीत कळ आली. कपाळावर घाम, ओठ पांढरे. सुहास टॅक्सी आणायला खाली धावला. मी त्यांना भिंतीला टेकवून बसवलं, आणि त्यांनी बोट वर माळ्याकडे केलं. “सुरगाठ,” म्हणाल्या. श्वास पुरत नव्हता. “सुरगाठ हाड.” ती पिशवी आण म्हणत होत्या. मी स्टुलावर चढले. समोर दोन पिशव्या, त्याच निळ्या पट्ट्या, दोन्हींना गिरगावची गाठ. दाताने सोडून बघायला वेळ नव्हता. खालून सुहासची हाक आली. मी उजव्या हाताची ओढली.

नर्सिंग होम छोटं होतं, लालबागच्याच बाजूला. दोन पेशंटची खोली. पलीकडच्या आजोबांना उकडायचं म्हणून एसी सारखा सुरू. इंजेक्शनं झाली, आईंना जरा हुशारी आली, आणि त्यांनी पाणी मागितलं. मी पिशवी मांडीवर घेतली. गाठ दाताने सोडवली, प्लॅस्टिक फाडलं, आणि आत हात घातला तर हाताला लागलं ते कोरं लुगडं. मग माळ. मग बाटली. मला वाटलं, झटकन बंद करावं. पण त्या कुशीवर वळून बघत होत्या. सगळं त्यांनी पाहिलं. मी त्यांना मरणाचं सामान घेऊन आले होते आणि ते त्यांच्यासमोर उघडून बसले होते.

त्यांनी एकदा लुगड्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग म्हणाल्या, “असांदे.”

आमच्याकडे ‘असू दे’, त्यांच्याकडे ‘असांदे’. चोवीस वर्षांत हा शब्द मी रोज ऐकला. फाटका टॉवेल टाकायला काढला की असांदे, म्हणजे ठेव, लागेल. हातून बशी फुटली की असांदे, म्हणजे जाऊ दे, मनाला लावून घेऊ नको. त्या दिवशी त्यातला कुठला होता? ठेव, लागेलच आता? की जाऊ दे गो, चूक झाली तुझी? मी विचारू शकले असते. मी एवढंही म्हणू शकले असते की आई, दोन्ही गाठी मीच बांधल्या होत्या, मला ओळखू आली नाही. त्याऐवजी मी पिशवी पलंगाखाली ढकलली आणि खाली जाऊन दुकानातून स्टीलचा गिलास आणला.

संध्याकाळी सुहासने विचारलं, “आईची पिशवी आणलीस ना?” मी गिलास पुसायला घेतला. पलंगावरून आई म्हणाल्या, “हाडल्यान मा. सगळा असा.” तो निश्चिंत झाला. तो निश्चिंत झाला म्हणून दुसरी पिशवी घरीच राहिली, आणि मी तीन दिवस त्याच्यापासून लपवायला ही पायाने आत सरकवत राहिले.

तिसऱ्या दिवशी दुपारी, म्हणजे शेवटच्या दुपारी, आईंना झोप लागत नव्हती. मी खुर्चीत पदर लपेटून बसले होते. मला थंडी बाधते, पहिल्यापासूनच. आई माझ्याकडे बघत होत्या. “तुका थंडी वाजता,” म्हणाल्या. नाही म्हटलं. “वाजता. ता लुगडा घे, पांघर.” मला आधी कळलंच नाही कुठलं लुगडं. कळलं तेव्हा अंगावर काटा आला.

“आई, काहीतरीच काय बोलता!”

“लुगडाच मा ता. कोरा असा. घे.”

मी घेतलं नाही. ओरडलेच जवळजवळ. त्यांनी पुन्हा एकदा हाताने पलंगाखाली खूण केली, मग हात चादरीवर ठेवला आणि डोळे मिटले. मला वाटलं, त्या मला टोमणा मारत आहेत. तू आणलंस ना, मग आता तूच नेस. आयुष्यात कधी टोमणा न मारलेल्या बाईबद्दल मला त्या घडीला तसं वाटलं, हेही लिहूनच टाकते. त्यानंतर तासाभरात त्यांचा श्वास बदलला. मी घंटा दाबली.

सुहासला मी हे सगळं चौदाव्या दिवशी सांगितलं. तो उठून खिडकीशी गेला. मग म्हणाला, “तिने गाठ ओळखली असणार. तुझी गाठ ती डोळे मिटूनही ओळखेल.” मी म्हटलं, तुला काय माहीत? तो म्हणाला, “मला नाही माहीत.” खोटं बोलून माझी समजूत काढली असती तर मला चाललं असतं, पण तो त्याच आईचा मुलगा. तेव्हापासून मी घरात वावरते आहे, कामावर जाते आहे, आणि मला दुःख होत नाही. लोक विचारतात, सावरलीस का? सावरायला आधी काही हलावं लागतं ना. माझ्या आत फक्त एक प्रश्न बसून आहे, की ती बाई जाताना माझ्याबद्दल काय समजून गेली.

काल रविवार. सुहास म्हणाला, माळ्यावरची दुसरी पिशवी आता काढून टाकू या, कागदपत्रं असतील. जेवणं झाल्यावर मी ती खाली घेतली. माझी गाठ मलाच सुटेना, शेवटी कात्री लावली. वर फाइल होती, आधार कार्डाच्या झेरॉक्स, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या. खाली चादर, टॉवेल, स्टीलचा गिलास, चमचा. त्याच्याखाली आणखी एक पुडकं. त्यात पायमोज्यांचा जोड होता. पित्ताच्या गोळ्यांची पट्टी होती, तारीख उलटून गेलेली. आईंना पित्ताचा त्रास कधी नव्हता. जेवणाची वेळ टळली की पित्त मला होतं. आणि तळाशी एक स्वेटर होता, पूर्ण बाह्यांचा, जांभळा, दुकानाचं लेबल अजून तसंच. आई स्वेटर घालत नसत. “माका गुदमारता,” म्हणायच्या, डिसेंबरातही. मी तो उलगडून खांद्याला लावून बघितला. माझ्या मापाचा होता.

त्यांना माहीत होतं, दवाखान्यात त्यांच्याजवळ कोण बसणार. आणि ती गारठेल हेही. तीन दिवस त्या पलंगावरून बघत होत्या की मी कुडकुडते आहे आणि त्यांनी माझ्यासाठी बांधून ठेवलेलं ऊबदार सामान माळ्यावर राहिलं आहे. जवळ होतं ते फक्त त्यांचं लुगडं. म्हणून त्या ते देत होत्या. मी घेतलं नाही.

“कोणाचा गं तो?” दारातून सुहासने विचारलं.

“माझा,” मी म्हटलं, आणि तो अंगात घातला. दुपारचे दोन वाजले होते, वीज गेली होती, पाठीवरून घामाच्या धारा लागल्या. मी रडले ती तेव्हा. खूप रडले. सुहास वही घेऊन वारा घालत शेजारी बसला, काढ म्हणाला, दोनदा म्हणाला. मी संध्याकाळपर्यंत तो काढला नाही.